नाक्याच्या घराचं दार

मी घरं विकतो, जमिनी विकतो, आणि एकदा तर एकाला त्याच्याच चुलतभावाचा पडका गोठा विकला होता. तेव्हा माझ्या सांगण्यातलं किती खरं मानायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. नाक्याच्या घराच्या व्यवहारात मात्र मी एकच खोटं बोललो, आणि तेही सिदू सुतारामुळे पचलं नाही.

हे घर आमच्या गावात, बीड जिल्ह्याच्या पार पश्चिमेला, नगरच्या हद्दीलगत आहे. निजामाच्या राज्यात हद्द ओलांडणाऱ्या गाड्यांकडून जकात घेत. ती घेणाऱ्या नाकेदारासाठी हे बांधलं. काळा दगड, वर सागवानी माडी, रस्त्याकडे उंच कमान. कमानीतून आत गेलं की फरसबंद अंगण, अंगणात आड, आणि आडाच्या मागे घराचा खरा उंबरा. निजामाबरोबर नाकाही गेला आणि आप्पारावांनी ते घर लिलावात घेतलं. आप्पाराव म्हणजे गावात सहकारी सोसायटी काढणारा माणूस. ते वारले, पुढे सोसायटीही बुडाली, माडीत पारवे राहायला आले. औरंगाबादला असलेल्या त्यांच्या मुलाने, उत्तरेश्वरने, घर विकायला काढलं. मी जाहिरातीत लिहिलं, 'दुरुस्तीस योग्य'. आमच्या धंद्यात याचा अर्थ, आत जाताना वर बघून जा.

२०१९च्या मे महिन्यात पुण्याच्या सबनीसबाई घर बघायला आल्या. जुनी घरं घ्यायची आणि होती तशी उभी करायची, असा त्यांचा नाद. खांबांवर टिचक्या मारून त्यांनी आवाज ऐकला, गळकं छत पाहून नाक मुरडलं नाही. मला वाटलं, जमलं. पण परत निघताना त्या कमानीत थांबल्या. दगडी उंबऱ्यात दाराच्या खुंटांचे दोन गुळगुळीत खळगे होते आणि वर दार नव्हतं.

"मूळ दार कुठं आहे?" त्यांनी विचारलं. "ते मिळालं तर मी घर घेते. नवं दार लावून हे घर मला नको."

तेवढ्यात त्यांची नजर आडावर गेली. वीसएक बाया घागरी घेऊन ओळीने उभ्या होत्या. गावात टँकर कधी चौथ्या दिवशी यायचा, कधी आठव्या.

"या रोज येतात?"

"टँकर सुरळीत झाला की नाही येणार," मी म्हणालो. हेच ते खोटं. आमच्या गावचा टँकर आणि सुरळीत हे दोन शब्द एका वाक्यात आजवर कुणी ऐकले नव्हते.

दार कुठे आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. ते सिदू सुताराच्या घरी होतं, सत्तेचाळीस वर्षं.

बहात्तरच्या दुष्काळात गावच्या विहिरी कोरड्या पडल्या आणि या आडात तेवढं कमरेइतकं पाणी राहिलं. दार बंद असायचं. बाया बाहेर उन्हात बसायच्या आणि आप्पारावांचा गडी मर्जीप्रमाणे कुणाला घागर भरून द्यायचा, कुणाला अर्धी. खालच्या वस्तीतल्या बायांना तर कमानीच्या सावलीतही येऊ देत नसत. आप्पारावांनी हे एकदा माडीवरून पाहिलं. त्यांनी तेव्हाच्या बावीस वर्षांच्या सिदूला बोलावलं आणि सांगितलं, "दार काढून ने. पाऊस पडला की बसव."

सिदूने दोन्ही फळ्या खळग्यांतून उचलल्या आणि गाडीवर घालून घरी नेल्या. त्या दिवसापासून ज्यांना दारात उभं करत नव्हते, त्यांनीही स्वतःच्या हाताने पोहरा सोडला. पुढच्या साली पाऊस झाला. सिदू फळ्या घासूनपुसून हजर. पण तोवर आप्पारावांनी आतल्या खोल्यांत सोसायटी काढली होती, खताच्या गोण्या आल्या होत्या, आतल्या उंबऱ्याला लोखंडी शटर लागलं होतं. ते म्हणाले, "माणसं येत्यात, बाया येत्यात. पुढच्या साली बघू." मग हा नेमच झाला. खंडेनवमीला हत्यारं पुजली की सिदू जाऊन विचारायचा, "बसवू का?" आणि आप्पाराव म्हणायचे, "पुढच्या साली." ते गेले आणि विचारायलाही कुणी उरलं नाही.

ते दार सिदूच्या आज्याने घडवलेलं. दोन्ही फळ्यांच्या मधल्या कडेला वरपासून खालपर्यंत पानाफुलांची वेल, आणि दार लावलं की दोन वेली एकमेकींना भिडायच्या. सिदूने आयुष्यभर ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या बैलगाड्या दुरुस्त केल्या. दिवाळीआधी त्याच्या दारात गाड्यांची रांग असायची. मग टायरच्या गाड्या आल्या, ट्रॅक्टर आले, आणि त्याच्या वाट्याला कोयत्याच्या मुठी आणि पाळणे उरले. या दारासाठी मोठ्या शहरातले व्यापारी येऊन गेले, अगदी पोरीच्या लग्नाच्या वर्षीसुद्धा. त्याने फळ्यांवरचं पोतंसुद्धा उचललं नाही. त्याच्या स्वतःच्या घराला पत्र्याचं दार होतं. बायको कडूबाई म्हणायची, "आमाला पत्रा, अन लोकाच्या दाराला तेलपाणी."

मी गेलो तेव्हा सिदूमामा मूठ तासत बसले होते.

"मामा, दार बसवायचं हाय," मी म्हणालो.

त्यांनी तासणी खाली ठेवली. सत्तरीला टेकलेला माणूस, हाताला कंप सुटलेला, पण चेहरा असा उजळला की मला माझ्या धंद्याबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं. पोतं काढून त्यांनी फळ्या दाखवल्या. लाकूड ताज्या तेलाने काळंभोर चमकत होतं.

"म्या बसवीन. दुसऱ्या कुनाचा हात लागायचा न्हाई," ते म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "अन आड?"

"आड घरात हाय मामा. ज्याचं घर, त्याचा आड."

त्यांनी पोतं परत फळ्यांवर ओढलं. तेवढ्यात कडूबाई डोक्यावर घागर घेऊन आल्या, त्याच आडाची. "कावून झाकलंत?" त्यांनी विचारलं. मामांनी सांगितलं. कडूबाईंनी घागर उतरवली, पदराने मान पुसली आणि म्हणाल्या, "बसवा की. जलमभर त्याच्यासाठीच जगलात. आमी बगू पान्याचं कुटंतरी."

बोलण्यात कुठेही टोमणा नव्हता. मला तोंड वर करवेना.

दुसऱ्या दिवशी मामा मापं घ्यायला आले. कमान मोजली, मग आत जाऊन शटरचा उंबराही मोजला. मला वाटलं, म्हातारा आपलं मन रमवतोय.

ठरलेल्या दिवशी सकाळी सबनीसबाई आल्या, उत्तरेश्वर आला, टेम्पोतून फळ्या आल्या. मामांनी त्या अंगणात सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडव्या मांडल्या. शटर त्यांनी आदल्या दिवशीच उतरवून घेतलं होतं. बाया पलीकडे पाणी शेंदत होत्या. सबनीसबाईंनी वेलीवरून बोटं फिरवली आणि डोळे मिटून घेतले.

"कुणी केलंय हे?"

"माज्या आज्यानं." मामांनी कानामागची पेन्सिल काढली, फळीच्या मधल्या कडेपासून आत दोन बोटं मोजली आणि वेलीलगत वरपासून खालपर्यंत रेघ ओढली. करवत उचलली. मला वाटलं, कुजका भाग काढत असतील. पण कुजकं काही नव्हतंच. करवत रेघेवरून चालू लागली आणि आज्याने कोरलेली वेल फळीपासून सुटी होऊ लागली.

"अहो, काय करताय?" उत्तरेश्वर धावला. मामांनी मान वर केली नाही. पहिली पट्टी खाली पडली तेव्हा त्याने त्यांचं मनगट धरलं.

"मालक," मामा म्हणाले, "एक फळी कापलीय. आता ही जोडी म्होरच्या कमानीत बसायची न्हाई. दुसरी बी कापू द्या, न्हाईतर दोन्ही वाया."

"पण का?" सबनीसबाईंनी विचारलं.

मामांनी करवत फळीवर टेकवली. "आतला उंबरा चार बोटं अरुंद हाय, बाई. दगूड कापला तर माडी खाली यील. लाकूड कापलं तर नुस्तं लाकूड जातंय." त्यांनी बायांच्या ओळीकडे पाहिलं. "आप्पाराव म्हनलेते, पाऊस पडला की बसव. पाऊस काय धड पडंना, अन मी थकलो. दार बसवल्याबिगर मला मरायचं न्हाई. अन ह्यांच्या तोंडावर दार लावायचं बी न्हाई. मंग दारच मागं घेतलं. घर तुमचं, दार तुमचं. आड तेवढा भायेर राहू द्या."

सबनीसबाई माझ्याकडे वळल्या. "टँकर सुरळीत होणार होता ना?"

"आठ दिस झालं, आला न्हाई," कडूबाई ओळीतून म्हणाल्या.

सबनीसबाईंनी ती पडलेली पट्टी उचलून हातात धरली. राग त्यांना आलाच होता, तो दिसत होता. शेवटी त्या उत्तरेश्वरला म्हणाल्या, "सोडा त्यांचा हात. कापू दे."

दुपार कलेपर्यंत दार आतल्या उंबऱ्यात बसलं. मामांनी मला आत पाठवलं आणि लावून बघायला सांगितलं. दोन्ही फळ्या एकमेकींना अशा मिळाल्या की उजेडाची रेघही आत आली नाही. मी दार उघडलं तर मामा बाहेर हात जोडून उभे होते, माझ्याकडे नव्हे, माडीकडे बघत.

खरेदीखत झालं. चतुःसीमा मीच लिहून दिली: 'पूर्वेस गावचा आड व अंगण.' आड-अंगण विक्रीतून सुटलं, घाट्याचा सौदा झाला म्हणून उत्तरेश्वरने मला चार शब्द सुनावले. पण कापलेल्या पट्ट्या मामांनी त्याच्यापुढे नेऊन धरल्या, तेव्हा त्याने त्या घेतल्या नाहीत. "राहू द्या तुम्हाला," एवढंच म्हणाला.

पंधरा दिवसांनी मी मामांकडे गेलो. पत्र्याच्या दारावर दोन्ही बाजूंनी आज्याची वेल ठोकलेली होती. मी म्हणालो, "मामा, शेवटी तुमच्याच घराला लागली की."

ते उठून दाराशी आले. वेलीवरून बोट खाली नेत नेत कमरेइतक्या उंचीवर थांबले. तिथे एक फूल होतं, त्याच्या दोन पाकळ्या करवतीत गेल्या होत्या.

"हितं हात हालला," ते म्हणाले. "आज्यापुढं गेलो की पहिलं हेच ईचारील."