सहाव्या नावावरचा हुक

काम सुरू करण्याआधी तो तळहात लाकडावर टेकवायचा आणि गप्प उभा राहायचा. तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग मला म्हणायचा, "वढू नको, बाय. त्याला येऊ दे."

तो पॉलिशवाला. अर्नाळ्याच्या बाजूचा. घरचे सगळे मासेमारीत, हा एकटा लाकडाच्या नादी लागलेला. आगाशी-विरारकडे ज्यांच्या घरी जुनं सागवान आहे, त्यांनी त्याला कधी ना कधी पाहिला असेलच: मळकी टोपी, काखेत पिशवी, आणि घाई म्हणून नाहीच.

मी शाळेच्या ऑफिसात; तिथली टेबलं-कपाटं पॉलिशला त्याच्याकडेच. माझं सगळं यादीवर चालायचं.

"काका, किती वेळ लागेल?" मी विचारायचे.

"त्याला इचारतो," तो टेबलाकडे बोट दाखवायचा.

ऐंशी सालानंतर कधीतरी मागे चिकट पट्टी असलेले प्लॅस्टिकचे हुक बाजारात आले. खिळा नको, हातोडी नको. मला वाटलं, हे माझ्यासाठीच केलेत. त्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या यादीत मी लिहिलं: पताकांसाठी हुक, आठ. हॉलमध्ये सगळ्यात गुळगुळीत जागा पाहून स्वतःच्या हाताने चिकटवले. ती जागा म्हणजे शाळेत पहिल्या आलेल्या मुलांच्या नावांचा सागवानी फळा.

संमेलन झाल्यावर पहिला हुक मी ओढला. त्याच्याबरोबर पॉलिश आलं आणि एका आडनावाचं शेवटचं सोनेरी अक्षरही आलं. मी हात मागे घेतला, आणि बाकीचे सात कुठे बसलेत ते तेव्हा पाहिलं. एक नेमका सहाव्या नावावर होता.

सहाव्या नावाचा मुलगा कॉलेजात असताना गेला. त्याची आई बागायतदार घरातली, आगाशीच्या बाजारात केळी घेऊन बसायची. वाचता येत नव्हतं. दरवर्षी जानेवारीत, तो गेला त्या तारखेला, शाळेत यायची. वरून बोटाने ओळी मोजायची, सहाव्या ओळीवर थांबायची आणि नावावरून हात फिरवायची. एकदाच. तो दिवस तीन दिवसांवर आला होता.

निरोप धाडला तसा पॉलिशवाला आला. आधी फळा पाहिला, मग मला.

"हे कोनी केलं?"

"मी."

"वाटलंच. शिकलेल्या मानसाचं काम दिसतं."

"रॉकेल लावलं तर?"

"हुक जाईल नि नाव पन जाईल. दोगं जोडीनं."

मी म्हटलं, "निदान हा सहावा तरी नीट काढा. बाकीचे कसेही निघाले तरी चालतील."

तो हसला. "मला वाचता येत नाय, बाय. मला सगळी नावं सारखीच."

शिपायाच्या स्टोव्हवर तवा ठेवून त्याने फडकं ऊन केलं. आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिलं, मग हुकावर धरलं. पिशवीतून तंगूस काढला, मासे गळाने धरतात तो बारीक दोरा. दोन टोकं बोटांना गुंडाळून तो हुकामागे सरकवला आणि करवतीसारखा इकडून तिकडे नेऊ लागला. पण इतका हळू, की दोरा हलतोय हे मला त्याच्या मनगटाच्या शिरांवरूनच कळत होतं. मी शेजारी उभी होते. ऑफिसात दहा कामं पडली होती, पण पाय निघेना.

हुक अलगद त्याच्या हातात आला. खाली काळपट चिकटा. खोबरेल तेलाचं बोट लावून तो अंगठ्याने त्याच्या बारीक गोळ्या करत गेला. एकेक काना, मात्रा, वेलांटी सोनेरी होऊन वर आली. स्वतःला न वाचता येणारं नाव तो मला अक्षर अक्षर वाचून दाखवत होता.

सात हुकांना पुरते तीन दिवस लागले. शेवटची पुसापुशी चालू असतानाच ती आली. तो बाजूला झाला. तिने ओळी मोजल्या, नावावर हात ठेवला आणि मध्येच थांबली.

"बाई, याला तेल लावलंत?"

"हो. जरा साफ केलं."

"बरं केलंत." ती बोटं एकमेकांवर चोळत राहिली. "लहानपनी तेलाबिगर घराबाहेर पडायचा नाही तो."

जाताना तिने टोपलीतलं एक केळं पॉलिशवाल्याला दिलं. हा कोण, तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. दोन्ही हातांनी घेतलं.

त्यानंतर दरवर्षी त्या सकाळी तो न बोलावता यायचा. ती यायच्या आत सहाव्या नावावर तेलाचं एक बोट फिरवायचा आणि निघून जायचा. चहाही घ्यायचा नाही.

एका जानेवारीत तो आला नाही. दहा वाजले, सव्वादहा झाले. दिवाळीनंतरच गेला, असं अर्नाळ्याहून येणाऱ्या एका मुलीने सांगितलं. मी कपाटातली खोबरेलाची बाटली काढली. थंडीने तेल पार गोठलं होतं. ती फाटकातून आत येताना दिसत होती, आणि मी फळ्यापुढे बाटली दोन्ही मुठींत धरून ते वितळायची वाट पाहत उभी होते.