दुसऱ्या वर्षाचा हप्ता

गाडीचा विमा भरायला गेलो, तेव्हा एजंटसमोर बागा तयार करून देणारा एक ठेकेदार बसला होता. नखांत माती, पण शर्ट कडक इस्त्रीचा. मजुरांना इजा झाली किंवा झाड पडून कुणाचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा तो धंद्यासाठी घेत होता.

"बागेच्या देखभालीचा तुमचा करार एक वर्षाचा, म्हणजे जबाबदारीही तेवढीच," एजंट म्हणाला.

"दोन वर्षांची घेतली तर?"

"हप्ता जवळजवळ दुप्पट. लोक जबाबदारी टाळतात, तुम्ही मागून घेताय?"

"जबाबदारी असली की सोसायटीचा वॉचमन आत सोडतोय की, साहेब. ती संपली की आपण लावलेलं झाड कुंपणावरनं बघायचं."

आकड्यावर त्याचा अंगठा बराच वेळ फिरत राहिला. शेवटी त्यानं एकाच वर्षाचे पैसे भरले. हिशेबानं तेच बरोबर होतं.

सोलापूरच्या त्या उन्हातून घरी आलो आणि सोसायटीतल्या कडुनिंबाखाली थांबलो. हा कुणी लावला, म्हणून वॉचमनला विचारलं.

"बाग केलेला माणूस होता एक. नंतरही बघायला यायचा. काम संपलंय, आत सोडू नको, असं सेक्रेटरी म्हणाले."

"मग?"

"आता कधीतरी गेटाबाहेर गाडी थांबवून बघतोय."

तेव्हापासून सकाळचा पेपर मी गेटाजवळच्या बाकावर वाचतो, बाहेर थांबणाऱ्या गाड्यांवर एक डोळा ठेवून.