चार बोटांचे माप

ओमानमधल्या सहमच्या किनाऱ्यावर ज्याचे जाळे फाटे, तो हुसेनभाईंना शोधत येई. खजुराच्या झावळ्यांच्या मांडवात, मांडीवर जाळे पसरून बसलेले हुसेनभाई हे त्या किनाऱ्याचे नित्याचे दृश्य होते. त्यांचा जन्म रत्नागिरीच्या राजिवड्यातला, दर्यावर्दी घरातला. परंतु ओमानच्या कायद्याप्रमाणे लहान होडीतून मासेमारीला जाण्याचा हक्क तेथील नागरिकांचाच. त्यामुळे सारे तारुण्य समुद्रासमोर घालवूनही हुसेनभाई या समुद्रात गुडघ्यापलीकडे कधी गेले नाहीत. त्यांचे काम काठावरचे, फाटलेले सांधण्याचे.

जाळ्याच्या एका चौकोनाला आस म्हणतात. आस सारखे यावेत म्हणून कारागीर लाकडी पट्टी वापरतात. हुसेनभाई ती वापरत नसत. डाव्या हाताची चार बोटे जुळवून ते त्यांच्याभोवती दोरा फिरवीत, गाठ मारीत. "पट्टी हरवते, हात हरवत नाही," असे त्यांचे वडील सांगत, आणि वडिलांचा शब्द त्यांनी कधी तपासून पाहिला नव्हता.

ज्यांच्याकडे ते नोकरीला होते ते अर्बाब, म्हणजे मालक, हमूद त्यांच्याच वयाचे. हुसेनभाईंच्या पत्नी सफूराबी याही हमूद यांच्याच घरी स्वयंपाक करीत. हुसेनभाई आणि हमूद यांची आपसातली बोली अर्धी अरबी आणि अर्धी हिंदी होती. तिला तिसरा माणूस हसे, पण त्या दोघांचे तिच्यावाचून कधी अडले नाही. मागच्या वर्षी हमूद यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी साखरेच्या आजाराने हुसेनभाईंचे अंग उतरले. हमूद यांचा मुलगा यासिर तेव्हापासून वडिलांना होडीत पाऊल ठेवू देत नसे.

अशात एके दिवशी फोनवर सूचना आली. सुरमईच्या जाळ्यांवरील बंदी थोड्या दिवसांसाठी उठणार होती. यासिरने मांडवात बसून नियम वाचून दाखवले.

"रविवारी सूर्य उगवल्यापासून बुधवारी दुपारच्या बांगेपर्यंत. त्याआधी जाळे पाण्यात दिसले तर जप्त. त्यानंतर राहिले तरी जप्त. जाळ्याच्या तरंगत्या बोयावर होडीचा नंबर हवा. आणि परवाना ज्याच्या नावावर, तो पहिल्या फेरीला स्वतः होडीत हवा."

हमूद ताठ बसले. "ऐकलेस, हुसेन? मी स्वतः हवा! सरकारचा हुकूम आहे. आता डॉक्टर मोठा की सरकार?"

"बाबा, डॉक्टरांनी एका फेरीची परवानगी दिली आहे. एकाच," यासिर म्हणाला. "नंतर परवाना माझ्या नावावर करायचा, हे ठरले आहे. आता पुढचे ऐका. शनिवारी आस मापायला माणसे येतील. एक जरी आस मापाहून लहान निघाला, तर ते जाळे या वेळी पाण्यात जाणार नाही. म्हणून म्हणतो, तयार जाळे विकत आणू. हे ठिगळांचे गोधडे कशाला?"

"गोधडे? अरे, या गोधड्याने तुला शिकवले! हुसेनच्या हाताने सांधलेले आहे ते. मापणाऱ्यांनी येण्याचे कष्टही घेऊ नयेत."

हुसेनभाईंना फार बरे वाटले. समुद्रावरची आपल्या मित्राची ही शेवटची फेरी आहे आणि ती आपण सांधलेल्या जाळ्याने होणार आहे, ही गोष्ट त्यांनी मनात जपून ठेवली. खडकाला अडकून जाळे जागोजागी फाटले होते. ते त्यांनी मन लावून सांधले. शुक्रवारी सकाळी शेवटची गाठ बसली.

नमाजला निघण्यापूर्वी ते नळावर वजू करीत होते. हात धुताना बोटातली चांदीची अंगठी सहज निसटली आणि मोरीच्या जाळीवर खणकन पडली. सफूराबींनी ती उचलली.

"अवो, ही पूर्वी साबण लावून पण निघत नव्हती. बोटं बघा कशी झालीत, शेवग्याच्या शेंगा नुसत्या!"

हुसेनभाई हसायला गेले आणि हसू ओठांवरच राहिले. बोटे बारीक झाली, तर बोटांनी घेतलेले माप?

नमाजात त्यांचे चित्त लागले नाही. परत येताच त्यांनी जाळे पसरले. फार पूर्वी सांधलेला एक भाग शोधला, त्यातला एक आस ताणून धरला आणि या महिन्यातला आस त्यावर ठेवला. नवा आस तांदळाच्या दाण्याएवढ्या फरकाने लहान होता. त्यांनी दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सगळेच तसे. हात फिरवला तेवढ्या सगळ्या ठिगळांत हीच चूक होती, आणि ती चूक अत्यंत नीटनेटकी होती.

सफूराबी चहा घेऊन आल्या तेव्हा ते तसेच बसून होते. त्यांनी सारे सांगितले.

"मापणारा काय सगळं जाळं मापणार हाय?" ते म्हणाले. "ठिगळावर हात पडला नाय, तर सुटलो."

"आनि पडला तर?"

हुसेनभाई जाळे गुंडाळू लागले.

"तर अर्बाब चार लोकांसमोर खाली मान घालून उभा राहील. तुमच्यासाठी. तो तर सगळ्यांना सांगत फिरतोय, माझ्या हुसेनचं जाळं म्हणून."

"सांगितलं तर यासिर मला घरी धाडील, सफूरा. ज्याचा हात चुकला, त्याला कोण ठेवणार?"

"धाडील तर धाडील. राजिवडा काय बुडालाय? चहा प्या नि उठा."

हमूद अंगणात बसले होते. यासिर शेजारी बोयावर नंबर रंगवीत होता. हुसेनभाईंनी उभ्यानेच सांगितले, "अर्बाब, माझे माप चुकले आहे. बोटे बारीक झाली, मला कळले नाही. जाळे उद्या पास होणार नाही."

यासिरने ब्रश खाली ठेवला. "मी म्हणालो होतो की नाही? आता एका दिवसात नवे जाळे कुठून आणायचे? खलास! गेली फेरी."

हमूद यांनी हुसेनभाईंना जवळ बसवून घेतले, त्यांचा पंजा आपल्या पंजाला लावला आणि दोन्ही हात वर धरून न्याहाळले.

"माझाही बघ. पूर्वी या मुठीत वल्हे सहज मावत होते, आता वल्ह्याभोवती मूठ पुरत नाही. आपण दोघेही धुऊन धुऊन आटलो, हुसेन."

"अर्बाब, मला माफ करा."

"थांब. यासिर, तो नियम पुन्हा वाच. लहान आस चालत नाही. मोठा?"

यासिरने फोन पाहिला. "मोठ्याबद्दल काही लिहिलेले नाही."

"मग भोक म्हणजे काय? फार मोठा आसच ना?"

यासिर वडिलांकडे बघतच राहिला. रागावावे की हसावे हे त्याला ठरवता येईना, आणि शेवटी तो हसला.

"यल्ला, चल, सुरी आण," हमूद म्हणाले.

दुपारभर चौघे अंगणात बसले. हमूद जाळे ताणून धरीत, हुसेनभाई नवे ठिगळ दाखवीत आणि कापीत, यासिर व सफूराबी मोकळ्या कडांना पक्की गाठ मारीत, म्हणजे भोक पुढे उसवणार नाही. आपल्या हाताने बसवलेल्या गाठी आपल्याच हाताने कापणे हे काम सोपे नव्हते. हुसेनभाईंची सुरी पुन्हा पुन्हा थांबे.

"विणताना तुझा हात कधी थांबला नाही," हमूद हळूच म्हणाले. "आज का?"

"विणताना डोळे कोरडे असतात, अर्बाब."

हमूद यांनी जाळे थोडे अधिक ताणून धरले, म्हणजे सुरी सोपी जावी.

शनिवारी मापणारा अधिकारी आला. हातातली चपटी पट्टी त्याने जाळ्यात इथे घातली, तिथे घातली. प्रत्येक ठिकाणी ती सहज आत गेली. मग त्याचे लक्ष भोकांकडे गेले.

"हे काय आहे, चाचा?"

"खिडक्या," हमूद गंभीरपणे म्हणाले. "वय झाले, जरा हवा लागते."

अधिकारी हसला आणि त्याने सही केली. हुसेनभाईंनी संकोचाने पुढे होऊन त्याची ती पट्टी मागून घेतली, लाकडाच्या एका फळकुटावर ठेवून तिच्या दोन्ही बाजूंना सुरीने रेघ मारली आणि आभार मानून परत दिली.

रविवारी सूर्य वर येताच होड्या सुटल्या. हमूद पुढे बसले होते. शस्त्रक्रियेनंतर प्रथमच त्यांच्या डोक्यावरचा रुमाल समुद्राच्या वाऱ्याने फडफडत होता. हुसेनभाईंनी गुडघाभर पाण्यात उभे राहून होडीला धक्का दिला आणि ती ठिपक्याएवढी होईपर्यंत ते तेथून हलले नाहीत. सफूराबींनी दोनदा न्याहारीला हाक मारली. त्यांनी दोन्ही वेळा "आलो" म्हटले आणि गेले नाहीत.

दुपारी होडी परतली. टोपलीत मासळी बेताचीच होती. परंतु हमूद यांचा चेहरा उन्हाने लाल आणि आनंदाने लहान मुलासारखा झाला होता. त्यांना उतरणे जमेना. हुसेनभाई कपड्यांचा विचार न करता कमरेपर्यंत पाण्यात शिरले आणि त्यांनी मित्राला खांद्याचा आधार दिला.

"हुसेन! एक सुरमई आली, माझ्या हाताएवढी! सरळ तुझ्या खिडकीतून गेली. जाताना माझ्याकडे बघून गेली, वल्ला, शपथ!"

"कोणती खिडकी, अर्बाब?"

"मधली. सगळ्यात मोठी."

"मग ती आज बंद करतो."

हमूद पाण्यात थांबले. "उद्या मी नाही जाणार, हुसेन. माझे झाले. समाधान झाले."

"माहीत आहे. यासिरसाठी करतो."

यासिर होडीतून जाळे ओढीत होता. त्याने ते दोन्ही हातांनी उचलले, आणि किनाऱ्यावरच्या ढिगात न टाकता मांडवात नेऊन हुसेनभाईंच्या चटईवर ठेवले.

"चाचा, उद्या सूर्य उगवायच्या आत होईल ना?"

"होईल," हुसेनभाई म्हणाले. त्यांनी ओले कपडे पिळले, चटईवर बैठक मारली आणि त्या फळकुटाची रेघांप्रमाणे पट्टी तासायला घेतली.