आत्याचं टाकं

आमच्या आत्याने आयुष्यात कधी कोणाचं कौतुक केलं असेल, तर ते माझ्या कानावर आलेलं नाही. तिला नवं घर दाखवा, नवी साडी दाखवा, नाहीतर बारशातलं पोर दाखवा, ती खालचा ओठ पुढे काढून आधी त्या वस्तूकडे आणि मग दाखवणाऱ्याकडे बघायची आणि विचारायची, "एवढुशात?" एवढ्याशात तुमचं भागतं तरी कसं, असा त्याचा अर्थ. पोह्यांची बशी पुढे आली तरी हाच प्रश्न. आळीतल्या बायका तिला पाठीमागे 'एवढुशाबाई' म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. त्यांची अक्कल केवढी आहे ते आपल्याला माहीत आहे, एवढंच ती त्यावर म्हणायची.

ती बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून बाबांनी तिला गावाकडून, आंजीहून आमच्याकडे आणलं. आमच्या सिंदी मेघेत तेव्हा घरं कमी आणि वावरं जास्त होती. आमच्या घरामागे विहीर होती आणि विहिरीला लागून सिमेंटचं मोठं टाकं. "बहिणीला मी काही कमी पडू दिलं नाही," हे वाक्य बाबा आल्यागेल्याला चहाच्या आधी ऐकवत. बाबा कचेरीत नोकरीला होते. एकदा सही केली की प्रकरण मिटलं, अशी त्यांची घरातही समजूत होती. आत्याची बाज स्वयंपाकघर आणि न्हाणीच्या मधल्या बोळात पडायची. सकाळी ती बाज भिंतीला उभी केली, पेटी तिच्यामागे सरकवली की बोळ मोकळा. जगाला 'एवढुशात' विचारणाऱ्या आत्याने त्या बोळाबद्दल मात्र कधी तोंड उघडलं नाही.

समोर भाड्याने राहणारे इंजिनीयर बदली होऊन गेले, तेव्हा त्यांच्या बाईंनी काचेचं एक गोल भांडं आईला दिलं. त्यात चार गोल्डफिश होते. एवढ्या लांब रेल्वेतून ते न्यायचं कसं, म्हणून आमच्यावर ही मेहेरबानी. आईने ते रेडिओवर, विणलेल्या रुमालावर ठेवलं आणि सगळी आळी बघून गेली. मासे सारखे वर येऊन तोंडाची उघडझाप करायचे. पाणी पिताहेत, असं दादाने सगळ्यांना समजावून सांगितलं. दादाला न विचारता समजावून सांगायची सवय होती आणि ती अजून गेलेली नाही.

"एवढुशात?" आत्या म्हणाली. "पाणी नाई पिऊन राह्यल्या त्या. जीव गुदमरून राह्यला त्याईचा."

आंजीचा नाला उन्हाळ्यात आटला की उरलेल्या डबक्यात मासोळ्या अशाच तोंडं वर काढायच्या आणि दुसऱ्या दिवशी पोरं त्या हाताने वेचायची, हे तिने पाहिलेलं होतं. तिने भांडं उचललं आणि चारही मासे टाक्यात सोडले. त्या टाक्यावर आमचे कपडे धुतले जात. सोड्याचं पाणी आत गेलं आणि दुसऱ्याच दिवशी एक मासा उलटा तरंगला. चूक आत्याचीच होती, पण बोलणी खाल्ली आम्ही सगळ्यांनी. तुमच्या कपड्यांना मळच एवढा, की मासोळी मेली, असा तिचा निवाडा. त्या दिवसापासून टाक्यावर कपडे बंद. आईला पार कुंपणाजवळच्या दगडावर धुणं न्यावं लागलं आणि ती जन्मभर त्या माशांच्या नावाने कुरकुरत राहिली.

उरलेले तीन मासे मात्र असे वाढले की बघणाऱ्याला खरं वाटू नये. रेडिओवर बोटाच्या पेराएवढे होते, ते टाक्यात वीतभर झाले. आत्या टाक्यातलं पाणी सगळं कधी बदलायची नाही. थोडं जुनं काढायची, थोडं नवं घालायची. उन्हाळ्यात टाक्याच्या अर्ध्या तोंडावर ओलं पोतं टाकायची आणि अर्धं तोंड हवेला उघडं ठेवायची. पडत-धडपडत तिने आपला हिशेब बसवला होता. पहिल्या मासोळीला पाच गुंड पाणी आणि मग येईल तिला दोन-तीन गुंड. गुंड म्हणजे आमच्याकडचा पाणी भरायचा पितळी हंडा. या हिशेबाने टाक्यात आणखी कितीतरी मासे मावले असते. मी तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "जागा हाये म्हून भरलीच पायजे काय?"

पुढे गावात टीव्ही आले आणि टीव्हीच्या डोक्यावर माशांची भांडी आली. एका वकिलांकडे आम्ही हळदीकुंकवाला गेलो. आत्या विधवा, तिला कुंकू लावायचं नाही म्हणून वकिलीणबाईंनी तिला दाराशी बसवलं होतं. तिथून तिला ते भांडं नेमकं दिसलं. आत एक मासा आणि एक प्लास्टिकचा राजवाडा. राजवाडा मोठा होता. आत्याने ओठ काढून विचारलं, "एवढुशात?" वकिलीणबाई हसल्या. हा मासा भांड्याएवढाच वाढतो, लहान भांड्यात लहानच राहतो, त्याला काही होत नाही, असं त्या म्हणाल्या. त्या आवाजात वकीलसाहेबांचं सगळं शिक्षण उतरलं होतं.

"तुमच्या पोराले रांजणात ठेवून पाहा," आत्या म्हणाली. "तोई लहानच राहीन."

त्या घरचं आमंत्रण पुन्हा आलं नाही. आईला त्याचं फार लागलं. मला अजिबात लागलं नाही.

मग दादाचं लग्न ठरलं. नव्या जोडप्याला खोली हवी, खोलीला जागा हवी, आणि बाबांना सगळ्या परसात जागा दिसली ती टाक्याचीच. आत्याने साफ नकार दिला. आपल्यासाठी तिने त्या घरात कधी काही मागितलं नव्हतं, पण टाक्यासाठी ती भावाशी भांडली. कुंपणापर्यंत परस मोकळा पडला आहे, तिकडे बांध, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. बाबा म्हणाले, तिकडे सूर्य चुकीच्या बाजूने येतो. आमच्या बाबांना सूर्याची बाजू त्या दिवशी पहिल्यांदा सुचली.

आत्या एका लग्नाला आंजीला गेली होती, तेवढ्यात बाबांनी टाकं फोडून टाकलं. ती परत आली तेव्हा बैठकीत दादाने नागपूरहून आणलेली काचेची पेटी होती, तळाला रंगीत खडे आणि आत आत्याचे तीन मासे. वळायला गेले की त्यांची शेपटी काचेला घासायची. तिघंही वर येऊन तोंड उघडत होते. आता तुझे मासे शोभेच्या जागी आलेत, असं दादा कौतुकाने सांगत होता. आम्ही सगळे आत्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिने ओठ काढला नाही, काही विचारलंही नाही. पायसुद्धा न धुता ती विहिरीवर गेली आणि दोन गुंड भरून आणले.

त्या दिवशी मी तिच्याबरोबर आंजीच्या एसटीत बसले, एक गुंड तिच्या मांडीवर, एक माझ्या. पाणी हिंदकळून खाली सांडलं तसा कंडक्टर कटकट करायला लागला. "तू माणसं कशी कोंबून राह्यला ते पाह्य पैले," असं आत्या त्याला म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिच्या चुलतभावाच्या वावरात पंपाचं ऐसपैस टाकं होतं आणि शेजारी कापूस भरायची एक खोली. मासे टाक्यात सोडले. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली, तेव्हा तिने मला एकटीलाच जायला सांगितलं. कापसाला ती खोली पुरते, तर मला का पुरू नये, असं ती म्हणाली.

मासोळ्यांपायी बहिणीने भावाचं घर सोडलं, असं बाबा पुढे लोकांना सांगत. चहाच्या आधीच. लोक हळहळत. एकालाही बोळ दाखवा म्हणावंसं वाटलं नाही.

आत्या आता नाही. ती मला शेवटची भेटली ते त्याच टाक्याच्या काठावर. मासे हातभर नाही, पण चांगले मोठे झाले होते आणि संथपणे फिरत होते. कापसाच्या त्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि आत बाज अंथरलेलीच होती, भरदिवसा. तिने दादाची चौकशी केली नाही, बाबांची केली नाही. पाण्यात बघत तिने फक्त विचारलं, "माह्या बाजेच्या जागी काय ठेवलं वो?"

मला खोटं बोलता आलं नाही. वहिनीने तिथे चपलांचं स्टँड ठेवलं आहे, असं मी सांगितलं.

आत्याने खालचा ओठ पुढे काढला.

"बसलं काय एवढुशात?"