पाण्याला जळका वास

साध्या पाण्याला जळका वास येतो असं विलास म्हणाला, आणि सगळ्यात मोठ्यानं मी हसले.

मी. नाक-कान-घशाची डॉक्टर.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. बाकीच्यांनी त्याचे हसरे फोटो टाकलेत, छान लिहिलंय. मला छान लिहिता येणार नाही.

कॉलेजपासूनची आमची चौकडी. संजय, माधुरी, विलास आणि मी. विलास मूळ भिवापूरचा, घरी मिरचीचा व्यापार. स्वतः बुटीबोरीला एका कंपनीत मेंटेनन्स बघायचा.

संजयचा मुलगा फ्रान्समध्ये शिकतो. त्याला भेटून येताना संजयनं वाइनच्या बाटल्या आणल्या आणि जाहीर केलं, ब्लाइंड टेस्टिंग करायचं.

म्हणजे लेबल बघायचं नाही. नुसत्या वासावरून आणि चवीवरून सांगायचं, आत काय आहे ते.

बाटल्या झाकायला त्यानं स्वतःचे लोकरी मोजे चढवले होते. धुतलेले आहेत, हे आम्ही न विचारताच त्यानं सांगितलं.

सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, टेबलावर मांडलेली, पण हात लावायचा नाही. जीभ बिघडते म्हणे. नागपुरात सांबारवडी समोर ठेवून खाऊ नका म्हणणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

पहिला ग्लास विलासनं हुंगला.

"जळका वास येऊन राहिला याले. पऱ्हाटी जाळल्यावानी."

पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कापसाचं झाड. वेचणी संपली की शेतात तिचे ढीग पेटवतात, तो वास विदर्भातल्या कुणालाही झोपेतही ओळखू येईल.

वाइनच्या बाबतीत वास म्हणायचं नसतं, नोज म्हणायचं असतं, असं संजयनं सुधारलं. त्यावर विलास म्हणाला, "नाक तं माह्याकडं आहे. वाइनले कुठून आलं?"

मग संजयनं मोजा उतरवला, लेबल बघून फोनवर शोधलं. तिथं लिहिलेलं होतं, स्मोकी.

काय टाळ्या पडल्या! विलासला तिथल्या तिथे पदवी मिळाली. फ्रेंच नाक.

दुसरा ग्लास. पुन्हा पऱ्हाटी.

तिसरी तर व्हाइट वाइन होती. तीही पऱ्हाटी.

आम्हाला वाटलं, एकदा जमलेला जोक गडी आता ताणतोय. म्हणून संजयनं डोळा मारला. माधुरीनं स्वतःची ओढणी विलासच्या डोळ्यांवर बांधली, आणि मी फिल्टरचं पाणी ग्लासात भरून त्याच्या हातात दिलं.

हो, मीच दिलं.

त्यानं हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"ही बी जळकीच आहे गा."

संजय सोफ्यावरून खाली घसरला. माधुरीच्या डोळ्यांतून पाणी. माझं हसू तर थांबेचना.

विलासनं ओढणी कपाळावर सरकवली, उठला आणि स्वयंपाकघरात गेला. गॅस बघायला. परत येऊन म्हणाला, गॅस तर बंद आहे.

मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, "हासू नको वं. खरंच येऊन राहिला."

त्याचा चेहरा मी नीट पाहिला नाही असं लिहिणार होते. पण पाहिला होता.

आणि तरी म्हणाले, "मग सोमवारी ये ओपीडीत. फ्रेंच नाकाचा केसपेपर काढते."

आणखी मोठा हशा.

नंतर कितीतरी दिवस आमच्या ग्रुपचं नाव 'फ्रेंच नाक' होतं. विलासही त्यात सामील. फोन केला की "नाक बोलतंय" म्हणायचा.

पुढे एक दिवस कंपनीतच त्याला फिट आली. एमआरआय झाला. मेंदूत जिथे वास कळतो, त्याच भागात गाठ. ऑपरेशन झालं, पण तो वाचला नाही.

नसलेला वास येणं. बहुतेक वेळा जळका. तोंडी परीक्षेत मला अशा गाठीचं हेच लक्षण विचारलं होतं, आणि मी बरोबर उत्तर दिलं होतं.

ग्रुपचं नाव कुणीतरी गुपचूप बदलून 'मित्रमंडळ' केलं. त्यावर आम्ही आजवर एक अक्षर बोललेलो नाही.

आधी कळलं असतं तरी फार फरक पडला नसता, असं ऑपरेशन करणारे सर्जन म्हणाले होते. ते एक वाक्य मी वर्षभर उशाशी घेऊन झोपले.

मग गेल्या आठवड्यात तिथीनं वर्षश्राद्ध झालं. भिवापूरला, त्याच्या घरी.

सुनीता, त्याची बायको, मला वाढत होती. रागानं नाही, सहज आठवलं म्हणून बोलली.

"ताई, त्या सोमवारी हे तुमच्या दवाखान्यापर्यंत आले होते ना. इस्त्रीचा शर्ट घालून."

मी विचारलं, मग आत का नाही आला?

"गेटातूनच परतले. मी म्हटलं, काहून? तं म्हणे, जाऊ दे वं. पाण्याले वास येते म्हणून सांगू का तिले? पुन्हा हासन ते."

एवढं सांगून तिनं माझ्या पानात आणखी भाजी वाढली. मी ती खाल्ली. मान वर करायची लाज वाटत होती.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. गाठीचं मी समजू शकते, ती कुणालाही होते. पण माझा मित्र घाबरून माझ्या दारापर्यंत आला आणि माझ्याच हसण्याला भिऊन परत गेला.

जगात एकच डॉक्टर अशी होती जिच्याकडे त्याला जाता येत नव्हतं, आणि ती त्याची मैत्रीण होती.

सुनीता, तिथं तुला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. पाणी मी दिलं होतं. मी हसले होते. मला माफ कर असं म्हणायचाही मला संकोच वाटतो.

संजय, माधुरी, तुम्हाला राग आला तर येऊ दे.

विल्या, आज सोमवार आहे. ओपीडी सुरू आहे.

पाण्याला वास येत होता. तू खरं बोलत होतास.

तुला माझा नमस्कार.