सिनेमातली सून

आमच्या वाडीला लागूनच त्यांची वाडी. ते हिंदू, आम्ही ख्रिस्ती. मधे केळीची एक रांग होती, पण ती कुणाची यावरून कधी वाद झाला नाही. आळीतला पहिला टीव्ही त्यांच्याकडे आला आणि रविवारच्या हिंदी सिनेमाला आम्ही सगळे त्यांच्या ओटीवर जमू लागलो.

सिनेमे बहुतेक कुटुंबाचे. मोठं घर, करारी बाप, सोसणारी आई आणि शेवटी सगळ्यांचं मन जिंकणारी सून. आमच्यातलं कुणी त्यात असलंच तर बाटली घेऊन झोकांड्या खाणारा म्हातारा, नाहीतर तोकड्या फ्रॉकातली नाचणारी पोरगी. ती बिचारी नायकासाठी गोळी खाऊन मरायची, म्हणजे त्याच्या लग्नाला वाट मोकळी. माझी आई लाल लुगडं नेसून, गळ्यात क्रूस घालून हे बघायची आणि सगळ्यांबरोबर हसायची. मला त्या हसण्याचा अजून राग येतो.

ताईला मात्र त्या म्हाताऱ्याशी आणि पोरीशी काही देणंघेणं नव्हतं. ती स्वतःला सुनेच्या जागी बघायची. शेजारच्या काकूंच्या धाकट्यावर तिचा जीव होता, त्याचाही तिच्यावर. पण घरी सांगायची त्याची छाती होत नव्हती. ताईचा सगळा भरवसा काकूंवर. गरीब सुनेला कुणी उंबऱ्याबाहेर काढलं की काकू पदरानं डोळे पुसायच्या आणि त्या सासूला तोंडभरून शिव्या द्यायच्या. इतकी रडणारी बाई आपल्याला नाही कशी म्हणेल, असं ताईला वाटलं.

एका रविवारी सिनेमातल्या सासूनं अखेर सुनेला पोटाशी धरलं. रडून काकूंचं नाक लाल झालं होतं. ओटी रिकामी झाली तशी ताई मागे थांबली आणि तिनं सांगून टाकलं. मी पायरीवर चपला शोधत होते.

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ताईच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बाय, तू मला लेकीसारखी आहेस. पण उद्या आमच्या देवापुढे दिवा कोण लावणार? सिनेमातली सून गरीब होती गं, पण आपल्यातली होती."

त्यांचे डोळे अजून ओलेच होते. कुणासाठी, ते मला आजही कळलेलं नाही.

धाकट्यानं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. वर्षभरात त्याचं लग्न ठरलं. काकू स्वतः आमंत्रणाला आल्या आणि ताईच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "नवरीची वेणी तूच करायचीस हं. तुझ्यासारखा मोगरा कुणाला गुंफता येत नाही."

ताई हसून हो म्हणाली. काकूंची पाठ वळताच आई तिला कवटाळून ओक्साबोक्शी रडली. ताईनं हळूच तिचे हात सोडवले.

"नवरीचे केस केवढे आहेत ते विचारायचं राहिलं," असं म्हणून ती काकूंच्या मागे धावली.