हळदीपुरती बंद केलेली तार

काही घटना दोषारोपपत्र न्यायालयात गेले की आपल्यापुरत्या संपतात. शीळफाट्याजवळच्या एका वाडीत झालेला तो मृत्यू मात्र, मी पोलीस सेवा सोडली तरी, मला सोडून गेलेला नाही. तो आठवला की आधी मान खाली जाते, तपास नंतर आठवतो.

मी तेव्हा पोलीस उपनिरीक्षक होते. पदार्थविज्ञानाची पदवी, स्पर्धा परीक्षेतले यश आणि लवकर वर जाण्याची घाई, एवढ्या भांडवलावर रुजू झाले होते. एका सकाळी कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, नाल्याशेजारी, एका तरुणाचे प्रेत पडल्याची खबर आली. तो भंगार गोळा करणारा होता. माझ्याबरोबरचे हवालदार त्याच भागातले, अनुभवी आणि निवृत्तीच्या जवळ आलेले. त्यांनी अकस्मात मृत्यूची नोंद करून कारणही ठरवून टाकले : अज्ञात वाहनाची धडक.

"भुरटा होता, मॅडम. ओळखीतला. एखाद्या डंपरने उडवला असेल. एक चोर कमी झाला, कीस कशाला काढताय?"

मृताची बायको ठाण्याच्या बाकावर बसली होती. तिने हे ऐकले. मी तिच्याकडे पाहू शकले नाही.

माझी शंका साधी होती. वाहनाने उडवलेल्या माणसाचे कपडे फाटतात, अंग खरचटते. इथे तसे काहीच नव्हते, आणि उजव्या तळव्यावर मात्र भाजल्याची एक सरळ, अरुंद रेघ होती. शवविच्छेदनात विजेचा धक्का हेच कारण निघाले. त्याच दुपारी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही.

"तो रस्त्यावर नाय मेला. आणून टाकलाय. मागच्या वाडीची तार बघा."

वाडीचे मालक जुन्या स्थानिक घराण्यातले. आजोबांच्या काळी भातशेती आणि मिठागर, आता रस्त्यालगतची गोदामे आणि मागे चिकूची बाग. प्रेत हलवल्याचे त्यांनी लगेच मान्य केले. घराची बदनामी नको म्हणून, असे म्हणाले. तारेबद्दल त्यांना अजिबात संकोच नव्हता.

"बोअरची मोटार चोरीला गेली, नवी घेतली, तीपण गेली. केबल तर कितीदा कापली! तुमच्या ठाण्यात आलेलो ना मी. तुमचेच लोक बोलले, शेठ, राखण ठेवा. ठेवली राखण! आणि ती तार झटका मशीनची आहे, मॅडम. गुरांना पण काय होत नाही. त्याचं हार्ट कमजोर असेल तर मी काय करू?"

त्यांच्या तक्रारीत तथ्य होते. ठाण्यात त्यांना तेच उत्तर मिळाले होते. शिवाय मृताजवळ केबल कापायचा कटर सापडला होता, म्हणजे तो चोरीसाठीच शिरला होता, यातही वाद नव्हता. मालकांच्या वकिलांनी मालमत्तेच्या खासगी बचावाचा हक्क पुढे केला.

तो हक्क कायद्यात आहे, पण त्याला काठ आहेत. दरोडा, जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग, किंवा ज्या चोरीत आपल्या जिवाला वा गंभीर इजेला धोका आहे असे वाजवीपणे वाटावे अशी चोरी. साधारण एवढ्याच प्रसंगी मालमत्ता राखताना समोरच्याचा जीव गेला तर कायदा माफ करतो. उघड्या बागेतली केबल त्यात बसत नाही. आणि ज्या प्रसंगी बसते, तिथेही गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा नाही.

तरीही एक प्रश्न उरला. झटका मशीन क्षणभराचा मर्यादित धक्का देते आणि थांबते. माणूस दचकून मागे सरतो. तार थेट घरगुती विजेवर असेल तर स्नायू आवळले जातात आणि हात सुटत नाही. पहिल्या प्रकारात हा अपघात ठरला असता. दुसऱ्या प्रकारात, परिणाम ठाऊक असताना तार लावली असेल, तर सदोष मनुष्यवध. कुंपणाचे खांब गंजलेले होते, मशीन मात्र कोरे, त्याच्या स्क्रूवर एकही ओरखडा नव्हता. ते घटनेनंतर बसवले असावे, हे मला दिसत होते. मालकांना काय माहीत होते, हे मात्र सिद्ध करता येत नव्हते. तार आधी कशावर जोडलेली होती, हे विद्युत निरीक्षकांनाही ठामपणे सांगता आले नाही.

मृताची बायको रोज येत असे. एकदा म्हणाली, "तो चोरीलाच गेलेला, मॅडम. मी खोटं नाय बोलणार. पण चोरीला फाशी असते का? नसते ना? मग अपघात का लिहिताय?"

मालकांच्या आईचा जबाब घ्यायला मी हवालदारांसह वाडीवर गेले. आजी वयस्कर होत्या, म्हणून त्यांना ठाण्यात बोलावणे नियमात बसत नव्हते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि मुलाची बाजू मांडू लागल्या.

"पोऱ्या माझा वाईट नाय गो बाय. नातीच्या हलदीला सगला गाव जेवाला व्हता. पोरं मागं खेलतात, कोन हात लावंल, म्हून त्यानं स्वता तार बंद केली. हलद झाली, लगीन झायला, पावनी गेली, मंग चालू केली. येवढी कालजी कोन करतो, सांग मना?"

मी लिहायचे थांबले. गुरांनाही काही न करणारी तार पाहुण्यांसाठी कोणी बंद करत नाही.

"आजी, पाहुण्यांना तारेचं सांगितलं होतं?"

"तर! सगल्याना. ह्यो तुमचा हवालदार पन व्हता की जेवाला. मटनाचा टोप रिकामा केलान!" त्या हवालदारांकडे पाहून हसल्या. हवालदार हसले नाहीत. आजींनी आम्हा दोघांचे चेहरे पाहिले. "मी काय वाईट बोलली का गो?"

"नाही, आजी. खरं बोललात," मी म्हणाले. त्यांच्या नजरेला नजर मात्र देता आली नाही.

ठाण्यात परतल्यावर मी हवालदारांना समोर बसवले.

"तार थेट लाईनवर आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"शेठ बोललेले, 'हवालदार, आज बिनधास्त जा मागे, लग्नानंतर जाल तर घरी परत नाही जाणार.' सगळे हसले. मी पण हसलो."

"आणि तारेची नोंद?"

"सगळेच लावतात, मॅडम. कोणाकोणाची नोंद करू?"

वरिष्ठांनी मला समजावले की आजींचा जबाब पुरेसा आहे. हवालदारांचे नाव घेतले तर ठाण्याची अब्रू जाईल. माझा हिशेब वेगळा होता. आजी आई होत्या, न्यायालयात त्या फिरल्या असत्या आणि कोणी त्यांना दोष दिला नसता. फिरू नये असा साक्षीदार एकच होता, आणि तो आमचा होता. मी हवालदारांना साक्षीदार केले. त्यांनी विरोध केला नाही. आजी खरोखरच फिरल्या. हवालदारांनी मात्र पिंजऱ्यात उभे राहून, आपल्या हसण्यासकट, सगळे सांगितले. बचावाच्या हक्काचा दावा फेटाळला गेला आणि मालकांना सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली.

या प्रकरणाने मला एक कामाची गोष्ट शिकवली. कायदा मालमत्ता राखणाऱ्याकडून विवेकाची अपेक्षा करतो : समोर कोण आहे, किती धोका आहे, किती बळ पुरे आहे. तार यातले काहीच पाहत नाही. त्यामुळे अशा तपासात मी पुढे पहिला प्रश्न एकच विचारत गेले : सावध कोणाला केले होते? उत्तरात ज्यांची नावे येतात, त्यांचे जीव मालकाने मोजलेले असतात. त्या यादीत आमचे ठाणे होते, याची लाज मला अजून वाटते.

निकालानंतर मृताची बायको न्यायालयाच्या पायऱ्यांवर भेटली. मी तिला सोप्या शब्दांत सांगितले की तार बंद करता येत होती, हे ज्याला ठाऊक होते त्याला शिक्षा झाली.

ती पदर सावरत म्हणाली, "बरोबर आहे, मॅडम. पण आम्हाला कोण हळदीला बोलावणार?"

बचावाच्या हक्काला कायद्याने काठ का घातले, ते मी परीक्षेसाठी पाठ केले होते. ते कोणासाठी घातले आहेत, हे त्या पायऱ्यांवर कळले.